चरबीत रुतलेलं पातं

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका वाचक विद्यार्थिनीने विचारलं आहे : ‘मला पुढे आर्क्टिकमध्ये संशोधन करायचंय. परिसंस्थाशास्त्र घेऊ, मानवशास्त्र घेऊ की पुरातत्त्व? नोकऱ्या कशात जास्त?’ अशा प्रश्नाला अभ्यासक्रमांची यादी पाठवून मोकळं होता येतं. पण अलास्कातल्या बोहेड देवमाशांची गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही. या तीन विषयांच्या कपाटांत एरवी भिंती असतात, त्या या प्राण्याने केव्हाच पाडल्या आहेत.

गाव उत्कियागविक. २०१६ पर्यंत नकाशावर त्याचं नाव बॅरो होतं. ७१ अंश उत्तर अक्षांशाच्याही थोडं वर, अमेरिकेचं सर्वांत उत्तरेचं शहर. इथले इनुपियाक लोक वसंतात किनाऱ्याला धरून असलेल्या बर्फाच्या काठावर तळ ठोकतात. सीलच्या कातड्याने मढवलेल्या उमियाक होड्या तयार ठेवायच्या आणि समोरच्या उघड्या पाण्याच्या पट्टीतून देवमासे उत्तरेकडे निघाले की शिकार करायची, असा हा शेकडो वर्षांचा क्रम. मिळालेला देवमासा विकत नाहीत, गावात वाटतात.

१८४८पासून अमेरिकी शिकारी जहाजं बेरिंग सामुद्रधुनी ओलांडून या समुद्रात येऊ लागली. पुढच्या काही दशकांत तेलासाठी आणि बायकांच्या कॉर्सेटमध्ये घालायच्या पट्ट्यांसाठी बोहेडची अक्षरशः कत्तल झाली. त्या पापाची वसुली मात्र भलत्यांकडून व्हायची होती. १९७७मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने बोहेड नामशेष होण्याच्या बेतात आहे असं ठरवून इनुपियाकांच्या शिकारीवरच बंदी घातली. ओरड झाल्यावर सगळ्या गावांना मिळून वर्षाला १२ देवमासे देऊ केले. आधार होता शास्त्रज्ञांच्या शिरगणतीचा : बर्फाच्या काठावर उभं राहून, समोरून जाणारे देवमासे मोजून काढलेला दोनेक हजारांचा अंदाज.

शिकारी म्हणाले, तुमची मोजणीच चुकीची आहे. पाण्याची पट्टी गोठून बंद झाली की गणना करणारे थांबतात, देवमासे थांबत नाहीत. ते बर्फाखालून जात राहतात, श्वासाला दीड-दोन फुटांचा बर्फही डोक्याने खालून ढुशी देऊन फोडतात. शिवाय काठावरून दिसतात त्याच्या पलीकडे, कित्येक मैल दूरवरूनही त्यांचे कळप जात असतात.

हे सांगणाऱ्यांत अग्रणी होते हॅरी ब्राउअर सीनियर, होडीचे कप्तान, उभा जन्म बर्फावर काढलेला माणूस. ऐकणारा होता टॉम अल्बर्ट, मेरीलँडहून आलेला पशुवैद्य. ब्राउअरांचं म्हणणं त्याला आधी अजब वाटलं असेलही, पण त्याने ते खोडून न काढता तपासायचं ठरवलं. नॉर्थ स्लोप बरो या स्थानिक प्रशासनाने पैसा उभा केला. बर्फाच्या काठावर रांगेने पाण्याखालचे आवाज टिपणारे हायड्रोफोन सोडले गेले. दिवाळीत फटाका डावीकडे वाजला की उजवीकडे, हे आपण दोन्ही कानांवर आवाज पोचण्यातल्या सूक्ष्म फरकावरून ओळखतो. इथे माणसाच्या कानांच्या जागी हायड्रोफोन होते आणि फटाक्याच्या जागी बर्फाखालून साद घालत जाणारा देवमासा. डोळ्यांना एकही देवमासा दिसत नसताना यंत्रांवर त्यांची वर्दळ ऐकू येत होती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अंदाज सात हजारांच्या आसपास गेला. २०११च्या गणनेत आकडा १६,८९२ निघाला. या वाढीत काही वाटा खरोखर वाढलेल्या संख्येचाही आहे, हे कबूल. पण सुरुवातीची उडी मोजण्याची पद्धत सुधारल्यामुळे घेतली गेली, आणि ती पद्धत काय गृहीत धरून आखायची हे ब्राउअरांनी सांगितलं होतं.

ध्वनिमापनाची ही गोष्ट लिहिली जाते तेव्हा हायड्रोफोनचं कौतुक भरपूर होतं, ब्राउअरांच्या वाट्याला फार तर आभाराची ओळ येते. मला हे खटकतं. बर्फाखाली कान लावून पाहावा ही कल्पना यंत्राची नव्हती.

आता शीर्षकातल्या पात्याकडे येऊ. १९७७मध्येच क्रेग जॉर्ज नावाचा तरुण बॅरोत आला, तिथल्या नौदलाच्या आर्क्टिक प्रयोगशाळेत प्राण्यांची देखभाल करणारा म्हणून. पिंजरे साफ करण्यापासून सुरुवात करून हा माणूस पुढे बोहेडचा जगातला एक मोठा जाणकार झाला. शिकार कापली जात असताना तो सुरी आणि मोजपट्टी घेऊन तिथे हजर असे. १९८१नंतर अधूनमधून कापणाऱ्यांच्या हाती विचित्र वस्तू लागू लागल्या : जुन्या हार्पूनची टोकं. एखादं पाटीच्या दगडाचं घासून धार लावलेलं तिकोनी पातं, एखादं वॉलरसच्या सुळ्यात कोरलेलं. चरबीत खोल रुतलेली, वरची जखम केव्हाच भरून आलेली. दगडी पाती वापरणं तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडलं होतं. मग हा देवमासा जन्मला कधी?

अशा पात्याचं वय ठरवायला जुन्या हत्यारांची ओळख लागते. बॅरोची हत्यारं, कपडे, भांडी यांची पहिली बारकाईची नोंद १८८१-८३च्या ध्रुवीय मोहिमेतल्या जॉन मर्डॉक यांनी केली. गंमत म्हणजे मर्डॉक गेले होते निसर्ग-अभ्यासक म्हणून. २००७मध्ये सापडलेला धातूचा तुकडा तर अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डला बनलेल्या स्फोटक भाल्याचा निघाला. व्हेलिंगचे इतिहासकार जॉन बॉकस्टोस यांनी तो ओळखला, काळ साधारण १८९०च्या आगेमागे. म्हणजे मारला गेला तेव्हा तो देवमासा शंभरीच्या बराच पुढे होता.

दरम्यान जॉर्ज यांनी देवमाशांचे डोळे जमवले होते. डोळ्याच्या भिंगाचा गाभा जन्माआधी घडतो आणि त्यातली प्रथिनं पुन्हा बदलली जात नाहीत. त्यांतल्या अॅस्पार्टिक आम्लाचे डावखुरे रेणू ठरावीक गतीने उजवे होत जातात. प्रमाण मोजलं की वय निघतं. हे मोजणारे कॅलिफोर्नियातले जेफ्री बाडा. याच बाडांनी १९७४मध्ये हीच पद्धत कॅलिफोर्नियात सापडलेल्या मानवी हाडांवर लावून ती सुमारे ४८,००० वर्षं जुनी असल्याचं जाहीर केलं होतं. अमेरिकेतल्या मानवाच्या इतिहासाची उलथापालथ! दशकभराने सुधारित कार्बन पद्धतीने तीच हाडं अवघी काही हजार वर्षांची ठरली. रेणू उलटण्याची गती तापमानावर अवलंबून असते, आणि मातीतल्या हाडाने हजारो वर्षांत किती ऊन-थंडी सोसली कोण सांगणार? जिवंत सस्तन प्राण्याच्या डोळ्याचं तापमान मात्र बरंचसं स्थिर. पुरातत्त्वात तोंडघशी पाडणारी पद्धत जीवशास्त्रात कामी आली.

१९९९च्या त्या शोधनिबंधात ४८ देवमासे होते, त्यांतले चार शंभरीपार. एकाचं वय निघालं २११. बातम्यांत तेवढाच आकडा गाजतो, अजूनही. त्याच्या पुढचा ‘उणे-अधिक ३५’ कुणी छापत नाही. माझा विश्वास त्या आकड्यापेक्षा चरबीतल्या पात्यावर अधिक आहे. शंभरीपार जाणाऱ्या देवमाशांचा दाखला पातं स्वतंत्रपणे देतं, म्हणून भिंगाचा हिशेब पटतो.

आता नोकऱ्या. उत्कियागविकजवळच्या नुवुक इथल्या जुन्या दफनभूमीचा किनारा समुद्र खात चालला होता. पुरातत्त्वज्ञ अॅन जेन्सन यांनी तिथे उत्खनन केलं, आणि मजुरीवर घेतली गावच्या हायस्कूलची मुलं. गोठलेली जमीन वितळते आहे, किनारे ढासळताहेत, त्यामुळे घाईच्या उत्खननाची कामं उत्तरेत सर्वत्र आहेत. हाडं ओळखता येणाऱ्याला ही कामं मिळतात, आणि ते शिकायला पुण्याचं डेक्कन कॉलेज उत्तम जागा आहे. देवमाशांतच रमायचं असेल तर हेही सांगतो : क्रेग जॉर्ज यांच्यासोबत २०२१मध्ये बोहेडवरचा जाडजूड ग्रंथ संपादित करणारे हान्स थेविसन यांनी देवमाशांचे पूर्वज शोधले ते आपल्या कच्छच्या आणि जम्मूतल्या कालाकोटच्या जीवाश्मांत. कालाकोटचे खडक गोळा करून ठेवले होते ए. रंगा राव या भारतीय भूवैज्ञानिकाने.

भारतातून जायचं तर पहिली वाट गोव्यातून, वास्कोच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून निघते. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं आपलं ‘हिमाद्री’ स्थानक २००८पासून चालू आहे. तिथे हिमनद्या, वातावरण, समुद्र, सूक्ष्मजीव यांवर काम होतं. पण स्वालबार्डला मूळ रहिवासीच नाहीत, त्यामुळे ब्राउअरांसारखं कुणी भेटायची सोय तिथे नाही. माणसांत राहून काम करायचं असेल तर अलास्कातल्या फेअरबँक्स, नॉर्वेतल्या ट्रोम्सो किंवा फिनलंडमधल्या रोवानिएमीची विद्यापीठं पाहावीत. आणि कॅनडातल्या नुनावुतमध्ये जायचं असेल, तर तिथल्या संशोधन संस्थेचा परवाना लागतो. त्या अर्जासोबत कामाचा सोप्या भाषेतला सारांश तिथल्या इनुक्टिटुट भाषेतही जोडायचा असतो, कारण तो तिथली माणसं वाचतात आणि मग हरकती घेतात.