ऐकणारा नट : ॲलेक गिनेस

ॲलेक गिनेस यांचं नाव निघालं की रंगभूषेच्या गोष्टी सुरू होतात. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या (१९४८) फॅगिनचं ते नाक, ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’मध्ये (१९४९) एकाच घराण्यातल्या आठ जणांच्या आठ भूमिका, ‘द लेडीकिलर्स’मधले (१९५५) ते दात. ‘हजार चेहऱ्यांचा नट’ हे बिरुद तेव्हा चिकटलं ते कायमचंच. त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण अजूनही चेहरेच मोजत बसतात. मी मात्र कित्येक वर्षं एकच गोष्ट मांडत आलो आहे. या माणसाची खरी ताकद समोरच्याचं ऐकण्यात होती. ती त्यांनी लंडनच्या रंगभूमीवर, दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या भूमिका करताना कमावली आणि पडद्यावर अखेरपर्यंत तिच्याच जोरावर उभे राहिले.

१९३४ साली जॉन गिलगुड यांच्या ‘हॅम्लेट’मध्ये गिनेस यांच्या वाट्याला ऑझ्रिक आला. शेवटच्या अंकात येऊन द्वंद्वाचा निरोप देणारा हा दरबारी. चारच वर्षांनी टायरन गथ्री यांनी त्यांना ओल्ड व्हिकमध्ये हॅम्लेटच दिला, आधुनिक वेशातला आणि संहितेला कात्री न लावलेला. पण माझ्या मते या कारकिर्दीचा पाया १९४६ सालच्या ‘किंग लिअर’मध्ये आहे. लिअर लॉरेन्स ऑलिव्हिए, दिग्दर्शनही त्यांचंच, आणि विदूषक गिनेस. या भूमिकेची रचना पाहा. विदूषकाला मोजकी वाक्यं आहेत, तीही कोड्यात बोललेली, आणि राजा ती धडपणे ऐकतही नाही. तिसऱ्या अंकानंतर तो नाटकातून नाहीसा होतो, शेक्सपिअर त्याचा धड निरोपही घेत नाही. म्हणजे या नटाला प्रवेशातला बहुतेक वेळ दुसऱ्याचा कोसळता आवाज झेलत उभं राहायचं असतं. राजाच्या मनात वेडाची पहिली चाहूल लागते, ती प्रेक्षकाला आधी विदूषकाच्या चेहऱ्यावर दिसावी लागते. ऑलिव्हिएंसारखा रंगमंच व्यापणारा नट शेजारी असताना गिनेस यांनी हे साधलं आणि समीक्षकांनी राजाइतकीच या विदूषकाची दखल घेतली. टाळी घेणारं वाक्य हाती नसताना प्रेक्षकाची नजर आपल्याकडे कशी ठेवायची, हे शिक्षण पुढे चाळीस वर्षं पुरलं.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो. शोकनाट्यांतले मोठे नायक पेलले नाहीत म्हणूनच ते सिनेमाकडे वळले, असं काही जाणकार मोठ्या खात्रीनं सांगतात. १९५१ चा त्यांचा स्वतःचा ‘हॅम्लेट’ पडला, हे खरं आहे. १९६६ मध्ये रॉयल कोर्टमध्ये सिमोन सिन्योरे यांच्यासोबत केलेला ‘मॅकबेथ’ही जमला नाही. पण त्यावरून नट लहान ठरत नाही. हॅम्लेट आणि मॅकबेथ प्रेक्षकाला थेट आपलं अंतःकरण उघडून दाखवतात, आणि गिनेस यांची कला अंतःकरण झाकून ठेवण्याची होती. शिवाय याच माणसानं १९५३ मध्ये कॅनडातल्या स्ट्रॅटफर्डला, नव्या नाट्यमहोत्सवाच्या तंबूत, तिसरा रिचर्ड उभा केला. १९६० मध्ये ‘रॉस’मध्ये त्यांनी टी. ई. लॉरेन्स रंगवला आणि १९६४ मध्ये न्यूयॉर्कला ‘डिलन’साठी टोनी पारितोषिक मिळवलं. रंगभूमी त्यांनी सोडली नव्हती.

आता पुन्हा चेहऱ्यांकडे येऊ. ‘काइंड हार्ट्स’मधल्या त्या आठ भूमिकांचंच घ्या. रॉबर्ट हेमर यांच्या त्या चित्रपटात एका चौकटीत घराण्यातले सहा जण एकदम दिसतात. ती छायाचित्रकार डग्लस स्लोकम यांची करामत. पण ते सहा वेगळे वाटतात ते मिशा-टोपांमुळे कमी आणि मान, खांदे, पापण्या यांच्या ठेवणीमुळे जास्त. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’मध्ये (१९५७) तर रंगभूषाच नाही. कोंडीतून सुटलेला कर्नल निकल्सन जपानी अधिकाऱ्याच्या खोलीपर्यंत चालत जातो. पाय साथ देत नाहीत, तरी पाठीचा ताठा मोडत नाही. एक शब्दही न बोलता अख्खा माणूस कळतो. पोलिओतून उठणाऱ्या आपल्या मुलाच्या चालीवरून ती चाल घेतल्याचं गिनेस सांगत. ऑस्कर मिळालं ते याच भूमिकेला. ‘ट्यून्स ऑफ ग्लोरी’मधला (१९६०) आरडाओरडा करणारा जॉक सिंक्लेअर कुणी माझ्याविरुद्ध पुढे करील. त्याचा शेवट पाहावा: लष्करी अंत्ययात्रेचा बेत आखता आखता आपल्यालाच कानी पडणाऱ्या वाद्यांनी तो माणूस मोडतो. तिथेही ऐकणंच आहे. ‘स्टार वॉर्स’नं (१९७७) पैसा दिला, यापलीकडे इथे सांगण्यासारखं काही नाही.

वेशानं घात केला तेही सांगायला हवं. फॅगिनच्या नाकात ज्यूंची विटंबना दिसली, त्यावरून बर्लिनमध्ये निदर्शनं झाली, अमेरिकेत चित्रपट १९५१ पर्यंत अडला, आणि तो राग अनाठायी नव्हता. ‘अ पॅसेज टु इंडिया’मधले (१९८४) प्राध्यापक गोडबोले मराठी वाचकाला अधिक जवळचे. मूळ कादंबरीचे लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या देवासच्या पवार महाराजांकडे खासगी सचिव होते. तिथली गोकुळाष्टमी त्यांनी कादंबरीत आणली आणि गोडबोल्यांना दख्खनी ब्राह्मण केलं. कादंबरीतले गोडबोले न येणाऱ्या देवाला आळवतात आणि त्या न येण्यातच मग्न असतात. ही भूमिका खरं तर गिनेस यांच्या हातची होती. पण दिग्दर्शक डेव्हिड लीन यांनी त्यांना तपकिरी रंग फासून, व्हिक्टर बॅनर्जी आणि सईद जाफरी यांच्या शेजारी उभं केलं आणि रंगाखाली माणूस दडपला गेला. ही निवड चुकीचीच होती.

उलट टोक म्हणजे बीबीसीची ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ (१९७९). सात भागांच्या या मालिकेत ब्रिटिश हेर जॉर्ज स्मायली जवळजवळ काहीच करत नाही. रिकी टार बोलतो, कॉनी सॅक्स बोलते, स्मायली चष्मा पुसतो आणि ऐकतो. पण त्याच्या डोळ्यांत प्रत्येक खोटं नोंदलं जातं. सगळ्यांत बोलकं आहे ते दिल्लीच्या तुरुंगातलं दृश्य. तिथे समोरचा सोव्हिएत हेर कार्ला, म्हणजे पॅट्रिक स्ट्युअर्ट, एक अक्षर काढत नाही आणि स्मायलीच बोलत सुटतो. जो बोलला तो हरला. ऐकणाऱ्या माणसाचा हा एकदाच गेलेला तोल गिनेस इतक्या बारकाईनं दाखवतात, की पुढच्या मालिकेतला, ‘स्मायलीज पीपल’मधला (१९८२) विजयही त्याच जखमेतून आलेला वाटतो.

आज ब्रिटनमध्ये गावोगावच्या रेपर्टरी मंडळ्या विरत गेल्या. शिकून बाहेर पडलेला नट थेट मालिकेत शिरतो. भालदार-चोपदार होऊन थोरांचं ऐकत उभं राहण्याची वर्षं त्याला मिळत नाहीत. संकलकही बोलणाऱ्याच्या तोंडावरून हलत नाही. अशा काळात पुढचा गिनेस कुठून येणार, याची मला खरोखर चिंता वाटते. गिनेस यांनी रंगमंचावरची शेवटची भूमिका १९८९ मध्ये ‘अ वॉक इन द वुड्स’मध्ये केली. दोनच पात्रांच्या त्या नाटकात वाटाघाटी करणाऱ्या रशियन मुत्सद्द्याला निम्मा वेळ ऐकायचंच होतं. ज्यांना हे तपासायचं असेल त्यांनी ‘टिंकर टेलर’चे सात भाग मिळवून पाहावेत, आणि दुसरं कुणीही बोलत असताना नजर स्मायलीवरच ठेवावी.