इंग्रजी नामांची पारख

इंग्रजी व्याकरणाचें पुस्तक उघडतांच पहिल्या कांहीं पानांतच विद्यार्थ्याची ‘नाउन’ ह्या शब्दाशीं गांठ पडते. व्याख्या तो घोकतो, नामांचे पांच प्रकार उदाहरणांसह मुखोद्गत करितो, आणि परीक्षेंत अपरिचित वाक्य समोर येतांच गोंधळतो. दोष त्याच्या स्मरणशक्तीचा नव्हे. नाम ओळखावयाचें तें यादीवरून नव्हे, तर वाक्यावरून, ही गोष्ट त्याच्या मनावर ठसलेली नसते.

नेस्फील्ड यांच्या व्याकरणांतून आपल्या शाळांस परिचित झालेले पांच प्रकार येणेंप्रमाणें: ‘गोदावरी’ हें विशेषनाम, ‘रिव्हर’ हें सामान्यनाम, ‘आर्मी’ हें समूहवाचक, ‘गोल्ड’ हें पदार्थवाचक आणि ‘ऑनेस्टी’ हें भाववाचक नाम. मराठी व्याकरणांत बहुधा विशेषनाम, सामान्यनाम व भाववाचक नाम असे तीनच प्रकार मानितात. समूहवाचक व पदार्थवाचक नामें सामान्यनामांतच मोडतात. मग इंग्रजींत हा अधिक भेद कशाला? कारण उघड आहे. ‘अ रिव्हर’ म्हणतां येतें, ‘रिव्हर्स’ असें अनेकवचनही होतें. परंतु ‘अ गोल्ड’ किंवा ‘ऑनेस्टीज’ असें सामान्यतः म्हणतां येत नाहीं. नामाचा प्रकार कळला, म्हणजे त्यामागें ‘अ’ लावावा कीं नाहीं व त्याचें अनेकवचन करावें कीं नाहीं, हें कळतें.

मात्र एकच शब्द सदैव एकाच प्रकारांत राहतो, असें समजूं नये. ‘ग्लास’ म्हणजे कांच, तेव्हां तें पदार्थवाचक नाम. ‘अ ग्लास’ म्हणजे पाणी पिण्याचा पेला, तेव्हां तें सामान्यनाम. आणि ‘ग्लासेस’ म्हणजे डोळ्यांवरील चष्माही होतो. ‘यूथ’ म्हणजे तारुण्य, पण ‘अ यूथ’ म्हणजे एक तरुण. विशेषनामेंही सामान्य होतात. विजेचीं मापें ‘व्होल्ट’ व ‘वॅट’ हीं व्होल्टा आणि जेम्स वॅट या शास्त्रज्ञांच्या नांवांवरून आलीं. ‘कॅलिको’ ह्या कापडाचें नांव कालिकतवरून आलें. कळ लावणाऱ्याला आपण ‘नारद’ म्हणतों, तेव्हां मराठींतही हेंच घडतें.

इतकेंच नव्हे, तर ‘बॉइल द वॉटर’ ह्या वाक्यांत ‘वॉटर’ हें नाम आहे, आणि ‘वॉटर द प्लँट्स’ ह्या वाक्यांत तेंच क्रियापद आहे. म्हणून शब्द नाम आहे कीं नाहीं, हें ठरवितांना तीन प्रश्न विचारावे. तो वाक्यांत कर्ता, कर्म किंवा शब्दयोगी अव्ययाचा सोबती आहे काय? त्यामागें ‘द’ किंवा ‘माय’ यांसारखा शब्द शोभतो काय? त्याचें अनेकवचन किंवा षष्ठीचें रूप होतें काय? तिन्ही उत्तरें एकत्र पाहिलीं, म्हणजे सहसा फसगत होत नाहीं. शब्दाचें शेपूटही साह्य करितें: ‘काइंड’ वरून ‘काइंडनेस’, ‘चाइल्ड’ वरून ‘चाइल्डहुड’, ‘फ्रेंड’ वरून ‘फ्रेंडशिप’.

आतां रूपांविषयीं. आपल्या ‘घर’ शब्दाचीं ‘घराला, घरानें, घरांत’ अशीं रूपें होतात. प्राचीन इंग्रजींतही नामांना विभक्ति होत्या. कालांतरानें त्या झडल्या व षष्ठीचें ‘एस’ तेवढें उरलें. ‘ऑक्सन’, ‘फीट’, ‘टीथ’ हीं अनेकवचनें त्याच जुन्या काळचे अवशेष होत. विभक्ति गेल्या, म्हणून शब्दांच्या क्रमाला महत्त्व आलें. ‘माणसाला कुत्रा चावला’ आणि ‘कुत्रा माणसाला चावला’ यांचा अर्थ एकच. पण ‘द डॉग बिट द मॅन’ ह्यांतील दोन नामांची अदलाबदल केली, तर चावणारा माणूस ठरतो!

आपल्या मुलांच्या हातून होणाऱ्या चुका मराठीच्या संवयीनें होतात. आपण ‘दोन सल्ले’ म्हणतों, म्हणून मुलगा ‘टू ॲडव्हाइसेस’ लिहितो. इंग्रजींत ‘ॲडव्हाइस’, ‘फर्निचर’, ‘इन्फर्मेशन’ हीं मोजतां न येणारीं नामें होत. मोजावयाचेंच झालें तर ‘टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस’ असें म्हणावें लागतें. ‘न्यूज’ च्या शेवटीं ‘एस’ दिसला, तरी क्रियापद एकवचनीच येतें.

आपणांस इंग्रजी येत नाहीं, तेव्हां आपण मुलांना कसें शिकवावें, अशी पुष्कळ पालकांची खंत असते. त्यांनीं धीर सोडूं नये. ‘गोड आंबा’ आणि ‘त्यानें गोड खाल्लें’ ह्या दोन प्रयोगांत ‘गोड’ हा शब्द कोणतें निरनिराळें काम करितो, एवढेंच आपल्या मुलामुलींस विचारावें. पहिल्यांत तें विशेषण, दुसऱ्यांत नाम, हा भेद ज्याला घरच्या भाषेंत उमगला, त्याला तो इंग्रजींतही उमगेल. व्याख्या विसरेल, पण ही पारख जन्मभर उपयोगीं पडेल.