काविळीत हिरड्यांतून रक्त आलं तर

मागच्या कार्यक्रमानंतर एका बचत गटातल्या ताईंनी विचारलं, "घरात कावीळ झालीय, माळ घातलीय, पण दात घासताना हिरड्यांतून रक्त येतंय. थांबावं का?" आमचं उत्तर आधीच सांगतो. थांबू नका, आजच दवाखान्यात न्या. का, ते आता बघू.

उजव्या बरगड्यांखाली आपलं यकृत असतं, साधारण दीड किलोचं. डाळ, अंडी, दूध, मासे खाल्ले की त्यांतली प्रथिनं पचून सुटी होतात. त्यांतून यकृत नवी प्रथिनं घडवतं. काही ते स्वतःच्या कामाला ठेवतं. रिपोर्टातलं एसजीपीटी त्यातलंच. ते पेशींच्या आत असतं आणि पेशींना इजा झाली की रक्तात सांडतं, म्हणून काविळीत आकडा चढतो.

बाकीची प्रथिनं रक्तासाठी. सगळ्यात जास्त अल्ब्युमिन, दिवसाला १० ते १५ ग्रॅम. ते पाणी रक्तात धरून ठेवतं. ते फार कमी झालं की पायांवर सूज येते, पोटात पाणी साठतं. (पाय सुजण्याची इतरही कारणं असतात.) आणि दुसरी, रक्त गोठवणारी प्रथिनं. विळीनं बोट कापलं तरी थोड्या वेळानं रक्त थांबतं, ते यांच्यामुळे.

आता नीट ऐका. रक्तातलं अल्ब्युमिन निम्मं व्हायला सुमारे २० दिवस लागतात. रक्त गोठवणारं एक प्रथिन मात्र काही तासांतच निम्मं होतं. यकृतानं अचानक काम सोडलं तर आधी संपतं ते हे. पायांवर सूज नसते, अल्ब्युमिनचा आकडाही ठीक असतो, पण हिरड्यांतून नाहीतर नाकातून रक्त येतं, शौचाला काळी होते. म्हणून डॉक्टर पीटी-आयएनआर तपासायला सांगतात. नुसता एसजीपीटी उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. फुटायला पेशीच उरल्या नाहीत, तरी तो उतरतो. कावीळ झालेलं माणूस बरळायला लागलं, दिवसाही झोपेत राहिलं, तर तासभरही थांबू नका. गरोदर बाईला कावीळ झाली तर पहिल्याच दिवशी दाखवा.

माळेचं म्हणाल, तर बऱ्याच काविळी आपोआप उतरतात आणि श्रेय माळेला मिळतं. घालायची तर घाला, पण दवाखान्यात जाताना. आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय डाळ, अंडी बंद करू नका. नुसत्या उसाच्या रसावर यकृत प्रथिनं कशातून घडवणार?