विजेच्या गाडीतला कुबट वास

वर्षावासातील एका संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन आटोपून आम्ही विहारातून बाहेर पडत होतो. शेजारच्या ताई थांबल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, पोराशी जरा बोला. दोन दिवस झाले, धड जेवत नाही.” पोरगा तेवीस वर्षांचा, बारावी झालेला. विजेवर चालणारी मोटार एका कंपनीकडून रोजच्या भाड्याने घेऊन मुंबईत टॅक्सी चालवतो. कोणा प्रवाशाने मोबाईलवरून तक्रार नोंदवली होती : गाडीत घाण वास येतो, चालक अस्वच्छ आहे. असे आणखी शेरे आले की आयडी बंद, म्हणजे रोजी बंद.

“काका, मी दिवसातून दोनदा शर्ट बदलतो,” एवढेच तो म्हणाला. ‘वास येतो’ हे शब्द आपल्या माणसांनी शाळेत, कारखान्यात, कचेरीत पिढ्यानपिढ्या ऐकले आहेत. त्या प्रवाशाला याची जात ठाऊक असण्याचे कारण नाही, हे मी त्याला सांगितले. पण शब्द लागायचा तिथेच लागला होता. रविवारी ओळखीच्या एका एसी मिस्त्रीला बरोबर घेऊन आम्ही गाडीपाशी गेलो.

वास खरा होता. ओल्या मोज्यांसारखा. एसी सुरू केला की पहिली दोन मिनिटे जोरात, मग कमी. मिस्त्री म्हणाला, वास माणसाचा असता तर तो सीटला असता, हा जाळीतून येतो आहे.

डॅशबोर्डच्या आत एसीची थंड कॉइल असते. थंड तांब्याला बाहेरून पाणी सुटते, तसे हवेतील बाष्पाचे पाणी या कॉइलवर सुटते आणि एका नळीतून गाडीखाली ठिबकते. कॉइल ओली राहिली, तिच्यावर धूळ बसली की बुरशी आणि सूक्ष्म जंतू वाढतात. कुबट वास त्यांचा. ज्यांना दमा आहे त्यांना ही हवा त्रासदायकही ठरते.

हे पेट्रोलच्या गाडीतही होते. मात्र तिथे इंजिन तापलेले असते, त्याच्या गरम पाण्याची ऊब फुकट मिळते आणि पावसाळ्यात आतली हवा कोरडी करायला ती कामी येते. विजेच्या गाडीत ऊब हवी तर बॅटरीच खर्चावी लागते. म्हणून आमचा हा पोरगा काय करी, तर प्रवासी बसला की एसी चालू, उतरला की लगेच बंद, काचाही बंद. चार किलोमीटर जास्त मिळावेत हा हेतू. पण प्रत्येक वेळी कॉइल ओलीच राही. वर प्रवाशांच्या ओल्या छत्र्या, आणि आतलीच हवा फिरवणारे बटण दिवसभर दाबलेले.

मिस्त्रीने गाडीखालची नळी मोकळी केली. चिखल निघाला आणि मागोमाग पाणी. कप्प्याच्या मागे असलेला एसीचा फिल्टर काढला तर तो काळा आणि दमट. तो धुऊन पुन्हा बसवू नये, नवाच टाकावा. पावसाळा संपल्यावर वर्षातून एकदा बदललेला बरा. कॉइलवर एसीसाठी मिळणारा साफ करणारा फेस मारला. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. नारिंगी रंगाच्या जाड तारांमध्ये जिवावर बेतेल एवढा दाब असतो, त्यांना हात लावू नये. आत पाण्याचा पाइप तर मुळीच मारू नये.

मग पायाखालचे रबरी मॅट उचलले. वरून कोरडे, खालचे कार्पेट पिळून काढावे असे ओले! झाडाखाली गाडी उभी करतात, पाने वायपरखालच्या जाळीत अडकतात, तिथले पाणी वाट काढत आत येते. आम्ही जुन्या वर्तमानपत्रांचे थर दाबून पाणी टिपले, दारे उघडी ठेवून पंखा लावला. पूर्ण वाळल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवला आणि सकाळी झाडून घेतला. ओल्यावर सोडा टाकला तर नुसता लगदा होतो, हे माझ्या हातून झालेच.

आता तो रोज एवढेच करतो. शेवटचे भाडे सोडले की एसी बंद, पण पंखा पाच-दहा मिनिटे जोरात, बाहेरची हवा आत घेणारे बटण दाबून. विजेच्या गाडीचा इथे फायदा आहे. उभ्या गाडीत पंखा चालवला तरी धूर नाही, आणि पुष्कळ गाड्यांत चार्जिंगला लावलेली असतानाच पंखा चालतो, म्हणजे बॅटरीला झळ नाही.

अत्तराच्या बाटल्या टांगून वास जात नाही, दोन वास होतात. उदबत्तीचा धूर फिल्टरमध्ये जाऊन बसतो. डांबराच्या गोळ्या तर बंद गाडीत ठेवूच नयेत, त्यांची वाफ लहान मुलांना बाधते. आणि पुराचे पाणी आत शिरले असेल तर गाडी सुरू करू नये, चार्जिंगलाही लावू नये. ओढून नेण्याची व्यवस्था करावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको.

नळीतील चिखलाचा आणि जुन्या फिल्टरचा फोटो काढून ठेवला, मिस्त्रीची पावती घेतली. दोष यंत्राचा आहे, चालकाचा नाही, दुरुस्तीचा खर्च मालकाकडे लागतो, असा अर्ज कंपनीला लिहिला. मसुदा मी केला, सही त्याची. खर्च मिळाला. ‘अस्वच्छ’ हा शेरा मात्र अजून काढलेला नाही. दुसरे पत्र सोमवारी टाकले आहे.