अक्षरागणिक कॉर्ड: गीतपुस्तिकांच्या अक्षरजुळणीची एक पद्धत

गिटार किंवा पियानोच्या साथीने गाणाऱ्यांच्या वह्यांत शब्दांच्या डोक्यावर कॉर्डची नावे लिहिलेली असतात. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजवायचा, बहुधा तीन किंवा अधिक स्वरांचा समूह. तिचे नाव ज्या अक्षरावर असेल, त्या अक्षराच्या उच्चाराबरोबर वादकाने ती धरायची असते. हा मजकूर संगणकावर उतरवला जाऊ लागला तेव्हा वरच्या ओळीत रिकाम्या जागा मोजून सोडत कॉर्ड योग्य अक्षरावर आणण्याची रीत पडली. प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी देणाऱ्या, टंकयंत्राच्या वळणाच्या टाइपात ती निभावते. पण टाइप बदलला किंवा ओळ मोडली, की कॉर्ड शेजारच्या शब्दावर सरकते आणि नवशिका वादक भलत्याच ठिकाणी स्वर बदलू लागतो. हा दोष केवळ देखणेपणाचा नाही, कारण कॉर्ड आणि अक्षर यांचा संबंध अशा मजकुरात कोठे लिहिलेलाच नसतो, तो फक्त डोळ्यांना दिसतो.

मार्टिन लेक्लेर्क आणि मारियो डोरिऑन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी तयार केलेल्या ‘कॉर्ड’ याच नावाच्या प्रोग्रामने या दुखण्याच्या मुळाशीच हात घातला. त्यात कॉर्ड वेगळ्या ओळीत न लिहिता ज्या अक्षराशी ती बदलते त्याच्या लगेच आधी चौकटी कंसात लिहायची, म्हणजे ‘[सी]पाऊस आला [जी]दारी’ अशी, आणि शीर्षक, ध्रुवपद किंवा सूचना महिरपी कंसातील आज्ञांनी दाखवायची, एवढाच संकेत होता. त्यावरून छपाईयोग्य पाने सिद्ध करणे, ध्रुवपदाच्या डावीकडे उभी रेघ ओढणे आणि गाण्याच्या शेवटी बोटांच्या जागा दाखवणाऱ्या आकृत्या छापणे ही कामे प्रोग्राम करी. या लेखनसंकेताला ‘कॉर्डप्रो’ हे नाव मिळाले, मूळ प्रोग्राम मागे पडल्यावर ‘कॉर्डी’ने त्याचा वारसा चालवला, आणि योहान व्रोमान्स यांनी पर्ल भाषेत लिहिलेला ‘कॉर्डप्रो’ हा प्रोग्राम आज ते काम करतो. साध्या मजकुराची फाइल कोणत्याही संगणकावर उघडते आणि माणसालाही वाचता येते; या संकेताच्या दीर्घायुष्याचे श्रेय त्याच्या या साधेपणाला दिले पाहिजे.

संबंध एकदा स्पष्ट नोंदला, की पट्टी बदलणे यंत्रावर सोपवता येते. गायकाच्या गळ्याला सोयीचे व्हावे म्हणून गाणे दोन अर्धस्वर वर न्यायचे असेल, तर सी ची डी आणि जी ची ए होते, शब्दांना मात्र धक्का लागत नाही. तरीही हे काम निव्वळ बेरजेचे नाही: सी शार्प आणि डी फ्लॅट यांची पियानोवरील पट्टी एकच असली तरी कोणते नाव छापायचे हे गाण्याच्या मूळ स्वरावरून ठरते, आणि जर्मन परंपरेत तर इंग्रजी बी ला एच म्हणतात व बी हे नाव बी फ्लॅटला जाते.

पुस्तकाच्या मांडणीचा विचार याहून खोलवर केला तो केविन हॅमलेन यांच्या ‘साँग्ज’ या संचाने, जो डोनाल्ड नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणी-प्रणालीवर उभारलेल्या लाटेकमध्ये चालतो. एकाच मूळ फाइलीतून कॉर्डसह वादकाची प्रत, केवळ शब्दांची गायकांची प्रत आणि पडद्यावर दाखवायची पाने तो काढतो, शीर्षकांची व कर्त्यांची सूची जुळवतो, आणि कॉर्डचे नाव खालच्या अक्षरापेक्षा रुंद असेल तर शब्द ताणून मध्ये संयोगरेषा घालतो. वादकाचे दोन्ही हात गुंतलेले असताना पान उलटावे लागू नये म्हणून गाणे समोरासमोरच्या दोन पानांत बसवण्याचा त्याचा प्रयत्न असतो. या एका सोयीतून रचनाकाराला वादकाची अडचण किती जवळून ठाऊक होती हे कळते.

देवनागरीत रिकाम्या जागांची जुनी रीत मुळातच लंगडी पडते, कारण ‘र’ आणि ‘क्ष्म’ यांची रुंदी कधीच सारखी नसते. म्हणून मराठी गीतांना कंसांची पद्धत अधिकच उपयुक्त आहे. तिच्यात पथ्य एकच: कंस अक्षराच्या आधी यावा, व्यंजन आणि मात्रा यांच्यामध्ये नव्हे, अन्यथा मात्रा निराधार होऊन ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसते.

या पद्धतीची मर्यादा भातखंडे यांच्या स्वरलिपीशेजारी ठेवली की ध्यानात येते. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या लिपीत प्रत्येक मात्रेखाली स्वर व शब्द यांचे स्थान बांधलेले असते, तर कॉर्डची पुस्तिका ती कॉर्ड किती मात्रा टिकते हे सांगत नाही, चालही सांगत नाही. ती वाचणाऱ्याला गाणे आधी येतच असावे लागते. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी कॉर्डप्रोमध्ये पुढे आडव्या चौकटींचा एक विभाग आला, ज्यात उभ्या रेषांनी तालाची आवर्तने पाडून प्रत्येक ठोक्यावरील कॉर्ड मांडता येते.