किल्लेदार, कैदीण आणि वाचक

कमलकुमारी नावाची बाई शिवकाळातल्या कागदपत्रांत कुठेही सापडत नाही. तरी मराठी वाचक तिला शंभरहून जास्त वर्षं ओळखतो. हरि नारायण आपट्यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ लिहिताना तानाजीच्या मोहिमेला एक घरगुती कळ जोडून दिली. सती जायला निघालेली राजपूत विधवा, तिला वाटेतून पळवून आणणारा मोगलांचा किल्लेदार उदयभानू आणि कोंढाण्यावरची तिची कोंडी. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मावळे कडा चढून गेले ते स्वराज्यासाठी, हे आपल्याला ठाऊक होतंच. कादंबरी वाचताना मात्र वाचकाचा जीव वरच्या त्या खोलीत अडकलेला असायचा. प्रभातच्या १९३३ च्या ‘सिंहगड’मध्ये ती आली, २०२० च्या ‘तान्हाजी’तही नाव थोडं बदलून कैदेत बसलीच. इतिहासात नसलेल्या माणसाला एवढं दीर्घायुष्य फुकट मिळत नाही. वाचकाला ती हवी आहे.

आणि हवी आहे ती एकाच अटीवर. उदयभानूवर तिचं मन बसता कामा नये.

ही अट किती पक्की आहे, हे बाहेरच्या कादंबऱ्यांशी ताडून पाहिलं की कळतं. कॅथलीन वुडिविस या अमेरिकन लेखिकेची ‘द वुल्फ अँड द डव्ह’ १९७४ साली आली. काळ १०६६ चा, नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं तेव्हाचा. नायिका एस्लिन सॅक्सन गढीची लेक आहे, तिचा बाप लढाईत मारला गेला आहे. नायक वुल्फगार जिंकणाऱ्या सैन्यातला सरदार. गढी त्याच्या ताब्यात, म्हणून तीही त्याच्या ताब्यात. पुढची सगळी पानं या ताब्याचं प्रेमात रूपांतर करण्यात जातात. वाचकांनी पुस्तक डोक्यावर घेतलं, आणि या धर्तीच्या मध्ययुगीन प्रेमकथांचा पूर आला. आज त्याच पुस्तकाबद्दल तिकडचे वाचक दोन तोंडांनी बोलतात. तरुणपणी रात्री जागून वाचणाऱ्या बायका नायिकेच्या ताठ कण्याचं कौतुक करतात. त्यांच्या लेकींच्या वयाच्या वाचक विचारतात, की पळून जायला वाटच नसलेल्या बाईने दिलेल्या होकाराला होकार कसं म्हणायचं?

आपल्याकडे हा प्रश्न लेकींच्या पिढीपर्यंत थांबला नाही. तो पहिल्यापासून होता, पण वेगळ्या कारणाने. आपट्यांवर वॉल्टर स्कॉटची छाप होती. स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’तही गढीत कोंडलेली रिबेका आणि तिच्यावर आसक्त झालेला सरदार आहे. माझ्या मते कमलकुमारी ही रिबेकाची मराठी धाकटी बहीण. पण रिबेकापुढे उभा असलेला माणूस निदान अधूनमधून स्वतःशी झगडतो. आपट्यांच्या उदयभानूला ती सवलत नाही. त्याचं प्रेम खरं आहे की नाही, हा प्रश्नच मराठी वाचकाने कधी गंभीरपणे विचारला नाही.

का विचारला नाही, याचं उत्तर मला सांगलीत सापडतं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे, १८७२ सालचा जन्म. त्यांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आलं. सैरंध्री तांत्रिक अर्थाने कैदी नाही, विराटाच्या राणीची दासी आहे. पण अज्ञातवासात आहे, नवरे जवळ असून नसल्यासारखे आहेत, आणि कीचक हा राज्याचा सर्वशक्तिमान सेनापती आहे. प्रेक्षकांनी ही कथा महाभारतातली म्हणून पाहिलीच नाही. कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे देश, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, असं गणित पिटातल्या माणसानेही मनातल्या मनात सोडवलं. लंडनच्या ‘टाइम्स’ला त्याची दखल घ्यावी लागली आणि १९१० साली सरकारने नाटक बंद पाडलं. सरकारचं वाचनही प्रेक्षकांइतकंच अचूक होतं, असं म्हणावं लागेल.

एकदा बाई म्हणजे भूमी असं समीकरण बसलं, की जेत्याच्या प्रेमकथेची दारं बंद होतात. कमलकुमारीने उदयभानूला होकार देणं म्हणजे कोंढाण्याने होकार देणं. तो कुठला वाचक चालवून घेईल? इंग्लंडला १०६६ ची जखम नऊशे वर्षांपूर्वीची, नॉर्मन आणि सॅक्सन कधीच एकमेकांत विरघळून गेले. तिथे जेता आणि बंदिनी यांचं लग्न लावता येतं, कारण आजचा इंग्रज त्या लग्नाचाच वंशज आहे. आपल्याकडे कादंबरी लिहिली गेली तेव्हा वाचक स्वतः जिंकलेल्या देशात राहत होता.

याचा एक तोटाही झाला. कैदीण भूमी झाली की ती बाई राहत नाही. तिला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, पहारेकऱ्याच्या बायकोशी तिची ओळख होत नाही. ती फक्त वाट पाहते.

आता पारडं फिरवून पाहू. जिंकणारे आपण असलो तर? कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. सरदाराने नजर केलेल्या त्या सुंदर तरुणीला शिवाजी महाराजांनी आईची उपमा दिली आणि साडीचोळी करून सन्मानाने घरी पाठवलं. ही कथा समकालीन साधनांत मिळत नाही, असं इतिहासाचे अभ्यासक सांगत आले आहेत. पण तिच्यामागचं धोरण खोटं नाही. महाराजांबद्दल मुळीच ममत्व नसलेल्या खाफी खानानेही, त्यांच्या हाती लागलेल्या स्त्रियांच्या अब्रूला धक्का लागत नसे, अशी नोंद करून ठेवली आहे. शत्रूने दिलेली ही साक्ष कुठल्याही दंतकथेपेक्षा वजनदार आहे.

या गोष्टीवरचा सर्वांत वेगळा वाचक-अभिप्राय सावरकरांचा. ‘सहा सोनेरी पाने’मध्ये त्यांनी हे औदार्य म्हणजे सद्गुणविकृती ठरवलं. पुष्कळ वाचकांना ते पटलं नाही, काहींना पटलं, आणि त्यावरचा वाद अजून अधूनमधून उसळतो. मला दोन्ही बाजूंत एक साम्य दिसतं. परत पाठवावं की नाही, यावर सगळे बोलतात. ती सून कल्याणला पोहोचल्यावर तिच्या सासरी तिला काय ऐकावं लागलं असेल, हे कुणीच विचारत नाही. गोष्टीत तिला एक वाक्यसुद्धा नाही.

साताऱ्याचा या सगळ्याशी एक मजेदार धागा आहे. जेम्स ग्रँट डफ १८१८ पासून काही वर्षं साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापला गेला. कैदेतल्या संभाजी महाराजांनी, धर्म बदलायचा तर बादशहाने आपली मुलगी द्यावी, असा जबाब दिल्याची कथा त्याच्या पुस्तकात आहे. तो जबाब प्रेमाचा नव्हता, तोंडावर मारलेला अपमान होता. पण बादशहाची मुलगी आणि मराठा राजा ही जोडी त्या काळच्या लेखकांच्या डोक्यात घुमू लागली होती. काँटर नावाच्या इंग्रज लेखकाने एका मराठा सरदाराची प्रेमकथा रचली. तिच्यावरून बंगालात भूदेव मुखोपाध्यायांनी १८५७ च्या सुमारास ‘अंगुरीय विनिमय’ लिहिली. तिच्यात औरंगजेबाची मुलगी रोशनआरा शिवाजी महाराजांच्या हाती लागते, ते तिला मानाने वागवतात आणि दोघं प्रेमात पडतात. जेता आणि बंदिनी यांच्या प्रेमाची ही जवळजवळ शुद्ध भारतीय आवृत्ती, आणि नायक आपलाच! इतिहासात रोशनआरा ही औरंगजेबाची बहीण, हा तपशील वेगळाच.

बंगालात तेव्हा ही कथा देशप्रेमाची म्हणून वाचली गेली. महाराष्ट्रात अशा कथेला कधी थारा मिळाला नाही. जदुनाथ सरकारांनी मोगल शाहजाद्यांच्या असल्या प्रेमकहाण्यांतली हवा काढून टाकली, पण मराठी वाचकाला त्यासाठी जदुनाथांची गरज नव्हती. त्याची हरकत पुराव्याची नव्हतीच. महाराज प्रेमात पडतात, आणि तेही कैदेत असलेल्या बाईच्या, ही कल्पनाच त्याला रुचण्यासारखी नव्हती. कल्याणच्या सुनेला आई म्हणणारा राजा रोशनआराशी अंगठ्या बदलणार नाही. दोन्ही कथा कल्पित असल्या तरी त्यांतली एकच निवडायची असं मराठी मनाने ठरवलं, आणि निवडलेली कोणती ते सांगायला नको.

मग मराठीत राजकारण आणि रणांगण यांच्या मधली प्रेमकथा आलीच नाही का? आली, आणि ती सातारा जिल्ह्यातल्या गोरेगावच्या माणसाने लिहिली. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ १९७२ ची. योगायोग असा, की वुडिविसची पहिली कादंबरीही त्याच वर्षी आली. मस्तानी १७२९ च्या बुंदेलखंड मोहिमेनंतर बाजीरावाच्या आयुष्यात आली, असं परंपरा सांगते. मोहम्मद खान बंगशाच्या वेढ्यातून छत्रसालाला सोडवणारा बाजीराव जेता होता, पण मस्तानी हरलेल्यांची लेक नव्हती. ती वाचवलेल्यांच्या घरातून आली. या एका फरकामुळे मराठी वाचकाची अडचण दूर झाली. इथे भूमीने शरण जाण्याचा प्रश्न उरला नाही, त्यामुळे त्याला निर्धास्तपणे प्रेम वाचता आलं.

‘राऊ’बद्दल वाचनालयाच्या काउंटरवर ऐकू येणारे अभिप्राय मोठे रंगतदार असतात. पुरुष वाचक बहुधा बाजीरावाच्या घोडदौडीबद्दल बोलतो आणि मस्तानीचा विषय आला की पुण्याच्या कर्मठपणावर घसरतो. बायका हमखास काशीबाईवर थांबतात. “तिनं काय पाप केलं होतं?” हा सवाल मी इतक्यांदा ऐकला आहे, की कादंबरीचं दुसरं नाव म्हणून तो छापायला हरकत नाही. २०१५ साली याच कादंबरीच्या आधाराने हिंदी सिनेमा आला, आणि त्यात काशीबाई-मस्तानी एकत्र नाचताना पाहून जो गदारोळ झाला, तोही काशीबाईच्या बाजूनेच होता. जुन्या प्रतींत समासात पेन्सिलीने लिहिलेले शेरे हा आणखी एक खजिना. ‘साफ खोटे’, ‘पुरावा?’, आणि एखाद्या हळव्या पानाशेजारी नुसतीच उभी रेघ. कृष्णेच्या २०१९ च्या पुरात सांगली नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं पाण्यात गेली. पुस्तकं पुन्हा विकत आणता येतात, समासातला वाचक परत आणता येत नाही.

पण या अभिप्रायांत एक गोष्ट सहसा निसटते. मस्तानी खरोखरच कैदेत होती. बाजीरावाच्या नव्हे, त्याच्या घरच्यांच्या. १७४० च्या सुरुवातीला बाजीराव मोहिमेवर असताना तिला पुण्यात अडकवून ठेवलं होतं. त्यावेळच्या साताऱ्याच्या पत्रव्यवहारात शाहू महाराजांचा कल दिसतो. या प्रकरणात बाजीरावाचं मन दुखवू नये, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रावेरखेडीला बाजीराव गेला, पाठोपाठ मस्तानीही. आपल्या सर्वांत लाडक्या ऐतिहासिक प्रेमकथेत पहारेकरी घरचेच निघाले. किल्लेदाराला नावं ठेवायला शिकलेला वाचक इथे मात्र गप्प बसतो, किंवा ‘घराण्याची अब्रू’ असं काहीतरी पुटपुटतो.

शाहू महाराजांनी तसा कल का दिला असेल? मला वाटतं, दरबारातल्या कुणाहीपेक्षा त्यांना कैद जास्त कळत होती. १६८९ च्या नोव्हेंबरात रायगड पडला तेव्हा ते सात वर्षांचे होते. आई येसूबाईंसह ते औरंगजेबाच्या छावणीत गेले आणि त्या फिरत्या शहराबरोबर दख्खनभर हिंडले. त्याच छावणीने १७०० साली सातारचा किल्ला वेढा घालून घेतला. १७०७ मध्ये औरंगजेब मेल्यावर त्यांची सुटका झाली, जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात राज्याभिषेक झाला. येसूबाई मात्र ओलीस राहिल्या. बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून त्यांना घेऊन आला तेव्हा १७१९ साल उजाडलं होतं. जवळजवळ तीस वर्षं! २०२५ च्या ‘छावा’ सिनेमाने संभाजी महाराजांच्या कादंबऱ्यांना नवा वाचक दिला, पण तो वाचक बहुतेक वेळा महाराजांच्या बलिदानापाशी पुस्तक मिटतो. येसूबाईंची गोष्ट तिथून सुरू होते.

त्या कैदेत खलनायक होता तसा आधारही होता. औरंगजेबाची मुलगी झीनतुन्निसा मायलेकरांना सांभाळून होती. म्हणजे बादशहाची लेक आणि मराठा राजा ही जोडी खरोखरच होती, फक्त तिच्यात प्रेयसी नव्हती, मावशीपण होतं. बंगाली कादंबरीकाराला हे ठाऊक असतं, तर त्याने वेगळं पुस्तक लिहिलं असतं का?

आणि छावणीतच एक प्रेमकथाही होती. शाहूची लग्नं तिथेच झाली. नववधू पाहण्याची इच्छा बादशहाने दर्शवली, तेव्हा राणीऐवजी विरूबाई या दासीला पुढे केलं, अशी आख्यायिका आहे. तिच्यातलं खरं किती हे बाजूला ठेवू. पुढचं पक्कं आहे. ही विरूबाई शाहूबरोबर साताऱ्याला आली, राण्या असतानाही वाड्याचा कारभार तिच्या शब्दावर चालला, आणि अक्कलकोटच्या घराण्याचा मूळ पुरुष फत्तेसिंह भोसले तिच्याच मायेखाली वाढला. जेता आणि बंदिनी नव्हे, दोघंही बंदी. इथे होकाराचा प्रश्न वुल्फगारसारखा अडत नाही, कारण दाराची किल्ली दोघांपैकी कुणाकडेच नाही. दासी आणि धन्याचा मुलगा हे अंतर उरतंच, पण ते तरी लिहिण्याजोगं आहे.

साताऱ्याच्या कादंबरीकाराला विषय हवा असेल, तर तो इथे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी पडलेला आहे. अडचण इतकीच, की त्यात उदयभानू सापडणार नाही आणि पहिल्या पन्नास पानांत नायक सात वर्षांचा असेल.