कोंबडा की तलंग?

दोस्तांनो, ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी हा प्रश्न कधी ना कधी विचारलेला असणारच. पिल्लं अंड्यातून बाहेर येऊन दोन दिवसही झालेले नसतात आणि आपण डालग्याशेजारी उकिडवे बसून विचारतो, "यातले कोंबडे किती हो?" (शहरातल्या मित्रांसाठी सांगतो, तलंग म्हणजे अजून अंडं न घातलेली तरुण कोंबडी.)

मालवणजवळच्या आमच्या आजोळी मीही असाच विचारत असे. आजीचं उत्तर ठरलेलं. "थांब रे झिला, कोंबो आसात तर तोच सांगतलो." म्हणजे आरवेल तेव्हा कळेल!

पण तोवर थांबायला घरात कुणाला वेळ असतो? कोंबडी अंडी देते, खुडूक होऊन एकवीस दिवस अंडी उबवते, पिल्लं सांभाळते. म्हणून ती राहते. कोंबडा एखाददुसरा ठेवतात. बाकीचे बाजारात जातात, नाहीतर पाहुणे आले की कोंबडी-वड्यांच्या बेतात.

एका वर्षी आमच्याकडे पाचेक महिन्यांची एक तपकिरी पिल्लावळ होती. त्यातल्या एकाचा तुरा आठवड्याभरात लालभडक झाला. मामा म्हणाला, "हा कोंबडाच." मीही मान डोलावली, कारण लहानपणापासून ते पिल्लू मान ताठ करून धीटपणे उभं राहायचं, आणि मी तेव्हाच त्याला कोंबडा ठरवून टाकलं होतं. पाहुणे आले. कापल्यावर आत काय दिसलं? पिवळ्या बलकांची माळ. मोहरीएवढ्या दाण्यापासून लिंबाएवढ्यापर्यंत. आजी हातातलं काम ठेवून नुसती बघत राहिली. "आठ दिसांनी घालूक लागली असती," एवढंच म्हणाली. मला त्या दिवशी वडे गेले नाहीत.

चूक कुठे झाली ते मला पुष्कळ वर्षांनी समजलं. तो लाल तुरा हाच आमचा पुरावा होता, आणि तो तुरा लाल झाला होता अंडी येणार होती म्हणूनच! गावठी जातीत नराचा तुरा साधारण पाच-सहा आठवड्यांपासूनच मोठा आणि गुलाबी-लाल होऊ लागतो. मादीचा तुरा फिका, छोटा राहतो आणि पहिल्या अंड्याच्या थोडं आधी एकदम लाल होतो. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाचा लाल तुरा वेगळं सांगतो आणि पाच महिन्यांच्या पिल्लाचा वेगळं. मग खात्री कशी करायची? पिसं बघा. तीनेक महिन्यांनंतर मानेवर आणि शेपटीच्या आधी पाठीवर नराला लांब, अरुंद, टोकदार, चकचकीत पिसं येतात. मादीची पिसं तिथे टोकाला गोलसर असतात. आमच्या त्या तपकिरी तलंगेची पाठ कुणी वळून पाहिलीच नव्हती.

आता काही समजुती बाजूला ठेवूया. निमुळत्या अंड्यातून कोंबडा निघतो, अंड्यावर दोऱ्यात अंगठी धरली की ती सांगते, धीट पिल्लू म्हणजे नर, या साऱ्यांत तथ्य नाही. अंड्याभोवती कवच तयार होण्याच्या आधीच आतलं पिल्लू नर की मादी हे ठरून गेलेलं असतं. ते ठरवतं कोण? आई! माणसांत मुलगा की मुलगी हे वडिलांकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं (तरी आपल्याकडे बोल लावतात तो आईलाच). पक्ष्यांत उलटं. कोंबड्याकडे दोन 'झेड' गुणसूत्रं असतात, कोंबडीकडे एक 'झेड' आणि एक 'डब्ल्यू'. आईकडून 'झेड' आलं तर नर, 'डब्ल्यू' आलं तर मादी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तुरा पाहायचा म्हटलं तरी काही कोंबड्यांचा तुरा लाल होतच नाही! मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातला कडकनाथ घ्या. भिल्ल आणि भिलाला लोकांनी तो पिढ्यान् पिढ्या सांभाळला, आणि 2018 साली झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. आता आपल्या सिंधुदुर्गातही तो पाळणारे आहेत. त्याची कातडी काळी, मांस काळसर, हाडांवरचं आवरणसुद्धा काळं, आणि तुरा जांभळट काळा. इथे तुऱ्याचा रंग नव्हे, आकार बघावा लागतो.

कडकनाथाची एक लांबची नातलग चीनकडची आहे, सिल्की. नाव रेशमावरून पडलं. इतर पिसांमध्ये बारीक आकड्या एकमेकींत अडकलेल्या असतात, म्हणून पीस सपाट राहतं. सिल्कीच्या पिसांत त्या नीट नसतात, त्यामुळे सगळा पक्षी कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी मार्को पोलोने चीनमधल्या, मांजरासारखे केस असलेल्या कोंबड्यांबद्दल लिहून ठेवलं आहे, त्या याच असाव्यात. सिल्कीला पायाला चारऐवजी पाच बोटं असतात. तिला उडता येत नाही, आणि पिसांवरून पाणी ओघळत नाही, ती भिजतात. आपल्या मृगाच्या पावसात तिचे काय हाल होतील ते तुम्हीच सांगा. पाळायची तर खुराडं कोरडंच हवं.

सिल्कीची पिल्लं मोठ्यामोठ्यांना चकवतात. पांढऱ्या सिल्कीचं पिल्लू फिकट पिवळं असतं, काळ्याचं पिल्लू काळं, आणि तित्तिररंगी सिल्कीच्या पिल्लाच्या पाठीवर खारीसारखे पट्टे असतात. पण हा रंग पिल्लू पुढे कसं दिसेल तेवढंच सांगतो, नर की मादी ते नाही. निळसर-राखाडी जोडीच्या पिल्लांत तर सरासरीने निम्मी निळसर, पाव काळी आणि पाव पांढुरकी शिंतोडेदार निघतात! नर-मादी ओळखायला डोकं बघतात. मादीची शेंडी गोल गोंड्यासारखी, नराची मागे वळलेली, तिच्यातून लांब बटा निघालेल्या. नराचा तुरा अक्रोडासारखा, रुंद. तरीही पाच-सहा महिने खात्री नसते. शेवटी आजीचंच उत्तर!

पण याच सिल्कीने एक कोडं सोडवायला मदत केली. 1911 साली बेटसन आणि पनेट या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. सिल्की कोंबडा आणि तपकिरी लेगहॉर्न कोंबडी यांच्या पिल्लांत माद्या काळ्या कातडीच्या निघाल्या आणि नर फिके. जोडी उलट केली, म्हणजे लेगहॉर्न कोंबडा आणि सिल्की कोंबडी, तर माद्या काय, नर काय, सगळेच फिके! असं का? काळेपणा दाबून टाकणारा गुण लेगहॉर्नच्या 'झेड'वर असतो. लेगहॉर्न आईचं एकुलतं एक 'झेड' जातं फक्त मुलग्यांना. मुलींना 'झेड' मिळतं ते सिल्की बापाचं, म्हणून त्या काळ्याच राहतात. म्हणजे शुद्ध सिल्कीत जो रंग गप्प बसतो, तोच या जोडीत बोलतो.

तुमच्या घरी कडकनाथ कोंबडा आणि पिवळ्या पायांची गावठी कोंबडी असेल तर त्यांच्या पिल्लांच्या कातडीचा रंग लिहून ठेवा. सहा महिन्यांनी त्यातले नर कोण, माद्या कोण, ते ताडून बघा.

मोठ्या उबवणी केंद्रांत मात्र सहा महिने कोण थांबणार? 1920च्या दशकात जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो यांनी एक दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार तपासून ओळखण्याची रीत शोधली. तरबेज माणूस तासाला हजाराच्या आसपास पिल्लं निवडतो. घरी हे करू नका हं, नवशिक्याच्या बोटांनी पिल्लू दुखावतं, मरतंही. अंड्यांसाठीच्या जातींत असे निवडून काढलेले नर कुणालाच नको असतात. जत्रेत गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं विकायला येतात ना, ती बहुधा हीच. तो रंग त्यांचा नव्हे, आणि त्यातली पुष्कळशी आठवडाभरही जगत नाहीत.

तुमची स्वतःची पिल्लं ओळखायची असतील तर प्रत्येकाच्या पायात वेगळ्या रंगाचा दोरा सैलसर बांधा. दर आठवड्याला एका वहीत तुऱ्याचा रंग, आकार आणि पाठीची पिसं टिपा, आणि शेजारी तुमचा अंदाज लिहा. अंदाज खोडायचा नाही, बदलला तर खाली नवा लिहायचा. आणि दर पंधरवड्याला दोरा बदला, कारण पाय जाड होतो आणि दोरा आत रुततो.

पाहुणे येणार असले की ती वही स्वयंपाकघरात घेऊन जा.